दोन्हीकडे टाळ्या वाजवणारा माणूस

त्या जून महिन्यात जपानमधल्या आमच्या फुनाबोरीच्या घरात ब्रिटनबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं एरवी वर्षभरात भारताबद्दलही बोललं जात नाही. ब्रिटनने युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, हे तिथले लोक मत देऊन ठरवणार होते. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. नवरा जपानी, सासूबाई जपानी, मुलगी मी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी, आणि मी पुण्याची, घरी बसून पंपांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करणारी. पण माझी धाकटी बहीण तिकडे होती, आणि तिच्याकडे एक मत होतं.

हे मत तिच्याकडे कसं आलं ते कळल्यावर मी आधी हसले आणि मग चिडले. बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेली. पासपोर्ट भारतीय, तिकडे जाऊन फार वर्षंही झालेली नव्हती. पण ज्या देशांवर पूर्वी ब्रिटिशांचं राज्य होतं, तिथली माणसं ब्रिटनमध्ये राहत असतील तर त्यांना मत देता येतं म्हणे. आणि तिच्या शेजारी राहणारी पोलंडची बाई, जी कितीतरी आधीपासून त्या गावात आहे, जिचं घर, काम, सगळं या निकालावर लटकलं होतं, तिला मत नव्हतं. तिकडचं नागरिकत्व घ्यायचं तिने आज करू, उद्या करू म्हणत राहू दिलं होतं. युरोपातून आलेल्याला तेव्हा त्याची गरजच पडत नसे.

ही पोलंडची बाई मला चांगली ठाऊक होती. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की मागे ती असायचीच. साठीच्या आसपासची, आडव्या बांध्याची, पायात कायम मातीने भरलेले गमबूट. बहीण औषधाच्या दुकानात कामाला जायची तेव्हा माझ्या तीन वर्षांच्या भाचीला तीच सांभाळायची. पैसे द्यायला गेलं की रागवायची, म्हणून बहीण तिला लोणची आणि चिवडा द्यायची. भाची तिला ‘बाब्चा’ म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. बाब्चाने वरणभात शिकून घेतला होता. त्यात ती बडीशेपसारख्या दिसणाऱ्या कसल्याशा पाल्याची चिमूट टाकायची, आणि आता पोरीला आईच्या हातचा साधा वरणभात चालेनासा झाला होता.

बहिणीचा नवरा बाहेर पडा या बाजूचा होता. त्याच्या भावाला तिकडचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता, आणि टीव्हीवरच्या एका वादात कोणीतरी म्हणालं होतं की युरोपच्या लोकांसाठी सताड उघडं असलेलं दार बंद केलं, की मग सगळ्या जगाला एकच नियम लावता येईल. हे वाक्य त्याने गाठीला बांधलं. तो बहिणीला रोज सांगायचा, ‘आपल्या माणसांचं बघ. तिचं तिचे लोक बघतील.’ बहिणीला हेही पटायचं. मग सकाळी बाब्चा गमबूट दाराबाहेर काढून आत यायची, भाची धावत जाऊन तिच्या पायांना मिठी मारायची, की बहिणीला ते पटेनासं व्हायचं. म्हणून तिने ठरवलं की टीव्हीवरचे सगळे वाद नीट ऐकायचे आणि मगच काय ते ठरवायचं.

ही तिची मोठी चूक झाली असं माझं अजूनही मत आहे.

वाद तिकडे संध्याकाळी व्हायचे. तेव्हा आमच्याकडे पहाट असायची, म्हणून मी ते सकाळी, नवरा आणि मुलगी घराबाहेर पडल्यावर, इंटरनेटवर बघायची. दुपारी साडेतीनच्या सुमाराला, तिकडे सकाळ झाल्यावर, बहिणीचा फोन यायचा.

‘ताई, बघितलंस?’

‘बघितलं गं.’

‘मग? कोण बरोबर वाटलं तुला?’

‘तुला कोण वाटलं ते सांग ना.’

‘मला आधी तो वाटला. मग ती बोलली तेव्हा ती वाटली. मग प्रेक्षकातला तो म्हातारा उठला ना, मासेमारीवाला? तो तर अगदीच बरोबर वाटला.’

मला हसू यायचं. पण खरं सांगायचं तर माझीही तीच गत होती. एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो खोटा आहे म्हणायचं, मग तिसऱ्याने दोघांनाही खोटं पाडायचं, आणि लोकांनी तिघांनाही टाळ्या द्यायच्या. पंपाच्या पुस्तिकेत असं नसतं. तिथे झडप उघडली की पाणी येतं. मी भाषांतराच्या सवयीने प्रत्येक वाक्य थांबवून-थांबवून ऐकायची, आणि जितकं नीट ऐकायची तितका गोंधळ वाढायचा.

सासूबाई आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहतात. सकाळी त्यांचा मुळ्याच्या लोणच्याचा डबा घेऊन वर यायचा रिवाज आहे. डबा ठेवायचा, चहा घ्यायचा, टीव्हीवर सकाळचा कार्यक्रम बघायचा आणि खाली जायचं. त्या कार्यक्रमातही त्या दिवसांत ब्रिटनच होतं. सूत्रसंचालक मोठ्या फलकावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या एकेक करून सोलायचा आणि पट्टीखालून एकेक कारण निघायचं. बाहेर पडण्याची डावीकडे, राहण्याची उजवीकडे. सासूबाईंना ते फार आवडायचं. पण माझ्या संगणकावर खरा वाद सुरू झाला की त्या अस्वस्थ व्हायच्या.

‘आवाज कमी कर,’ त्या म्हणायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे आवाज मोठा काय आणि लहान काय.

‘ओकासान, हे भांडत नाहीयेत. वाद घालताहेत,’ मी म्हणायची. सासूबाईंना मी ओकासान म्हणते, म्हणजे आई.

‘लोकांसमोर?’ त्यांना खरोखर लाज वाटायची. दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू आल्यावर आपण जसे उगीचच ताट-वाट्या वाजवायला लागतो, तशा त्या डबा उघडून पुन्हा लावायच्या. त्यांच्या मते ठरवायचं ते आधी आतल्या खोलीत ठरवावं आणि मग बाहेर येऊन सगळ्यांनी मिळून मान हलवावी. आमच्या इमारतीच्या सभेत मी हे पाहिलेलं होतं. सायकली कुठे लावायच्या यावर सभेत चकार शब्द निघाला नाही आणि तरी निर्णय झाला. तो कधी झाला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण सासूबाईंची नजर मोठी पक्की. भाषा कळत नसल्यामुळे त्या बोलणाऱ्यांकडे न बघता प्रेक्षकांकडे बघायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या वादाच्या वेळी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

‘हा निळ्या स्वेटरवाला बघ. मघाशी त्या बाजूला टाळ्या वाजवल्या, आता या बाजूलाही वाजवतोय.’

मी मागे नेऊन बघितलं. खरंच. तिसऱ्या रांगेतला, टक्कल पडलेला, भला दिसणारा माणूस. बाहेर पडा म्हणणाऱ्याने देशाच्या स्वातंत्र्याबद्दल काहीतरी सुनावलं, याने मनापासून टाळ्या वाजवल्या. राहा म्हणणारीने शेजाऱ्यांशी मिळून राहण्याबद्दल काही सांगितलं, याने तितक्याच मनापासून टाळ्या वाजवल्या. चेहऱ्यावर कसलाही लबाडीचा भाव नाही.

‘हा कोणाच्या बाजूचा?’ सासूबाईंनी विचारलं.

‘काय माहीत.’

‘सभ्य आहे,’ त्यांनी निर्णय दिला आणि चहा संपवला.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी त्या माणसाला शोधायला लागले. तो अर्थातच पुन्हा कुठे दिसला नाही. पण मी बहिणीला त्याच्याबद्दल सांगितलं, आणि मग आमच्या दोघींत तो एक शब्दच होऊन बसला. ‘आज काय?’ मी विचारायची. ‘आज पण निळा स्वेटर,’ ती म्हणायची.

एका रविवारी आमच्या इथल्या मराठी मंडळींकडे जमायचं होतं. आमच्या फुनाबोरीत आणि पलीकडच्या निशी-कासाईत आयटीवाली कुटुंबं बरीच आहेत. सकाळी पोहे, मोठ्या पडद्यावर आदल्या आठवड्याचा वाद, असा बेत होता. क्रिकेटचा सामना बघायला जमावं तसे लोक आले होते आणि सामन्यासारख्याच बाजू पडल्या. यजमान पुण्याचा, जपानी बँकेचं सॉफ्टवेअर करणारा. तो बाहेर पडाच्या बाजूचा.

‘सिंपल आहे,’ तो म्हणाला. ‘युरोपातला कोणीही उठतो आणि तिकडे जाऊन जॉब करतो. आपल्याला मात्र दहा डॉक्युमेंट्स. हे काय फेअर आहे? बंद करा सगळ्यांना.’

‘बंद केल्यावर तुला बोलावतील असं वाटतं का?’ त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘आधी त्यांना घालवतील, मग तुझ्याकडे वळतील.’

‘लॉजिक नाही यात.’

‘तुझ्या बॉसला सांग लॉजिक. तानाका-सान म्हटलं की मान खाली. इथे घरात आवाज चढतोय.’

सगळे हसले, पण मग खरंच आवाज चढले. कोणी म्हणालं राहिलं पाहिजे, नाहीतर पौंड पडेल. कोणी म्हणालं पडू दे, मग तिकडे फिरायला जाऊ. कोणाला सगळा दोष जर्मनीचा वाटत होता, आणि का ते तो सांगू शकत नव्हता. पोह्यांच्या बशा हातात गार झाल्या. एक जण तर इतका तापला की उठून बाल्कनीत गेला आणि परत येऊन तोच मुद्दा पुन्हा मांडला.

मी सहज विचारलं, ‘आपल्यापैकी शेवटचं मत कोणी कधी दिलंय?’

मला कोणाला टोचायचं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं. पण जो तो बशीतले गार पोहे चिवडायला लागला. भारतातलं मत द्यायला तिकडे प्रत्यक्ष जावं लागतं, आणि निवडणुकीसाठी तिकीट काढून कोण जातं. इथे परदेशी माणसाला मत नाही, मग तो कितीही वर्षं कर भरो आणि कचरा वेगवेगळ्या वारी वेगवेगळ्या पिशवीत भरून ठेवो. त्या खोलीत इतकी शिकलेली, बडबडी, मतं असलेली माणसं होती आणि मत एकालाही नव्हतं. यजमान म्हणाला, ‘चहा टाकू का अजून?’ आणि पडद्यावर पुढचा वक्ता बोलायला लागला.

घरी चालत येताना मला एकाएकी रडू आलं. का, ते तेव्हा कळलं नाही. मुलीने जपानीत विचारलं, ‘पोट दुखतंय का?’ मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, ‘तुझ्या बहिणीची ती शेजारीण, मूल सांभाळणारी, ती कोणाला देणार?’

मी सांगितलं, तिला मत नाही.

‘का?’

‘ती परदेशी आहे म्हणून.’

‘पण तुझी बहीणही परदेशी आहे.’

मी पुन्हा सगळं सांगितलं, राज्य, जुने देश, पासपोर्ट. ते सांगताना माझ्याच लक्षात येत होतं की यात काही अर्थ नाही. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

‘म्हणजे तुझ्यासारखं,’ त्या म्हणाल्या. ‘त्या बाईचं.’

इतक्या वर्षांत माझ्या मत नसण्याचा विषय आमच्या घरात निघालाच नव्हता. निवडणूक आली की सासूबाई आणि नवरा नीटनेटके कपडे करून जवळच्या शाळेत जायचे आणि येताना मला आवडतात म्हणून रताळ्याच्या वड्या आणायचे. मला वाटतं, मी का येत नाही हे त्यांनी कधी स्वतःला विचारलंच नसावं. मीही विचारलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी बहिणीचा फोन जरा लवकर आला. डोळे सुजलेले.

‘ताई, मी काल तिच्याकडे गेले होते. बाब्चाकडे.’

‘आणि?’

‘तिला म्हटलं, मला काही ठरवता येत नाहीये. मत माझं आहे, पण प्रश्न तुमचा आहे. तुम्ही सांगाल तिथे खूण करते. तुमचंच मत समजून टाकते.’

मला बहिणीचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी वाद ऐकत बसले होते, निळा स्वेटर शोधत बसले होते, आणि ही पोर सरळ कुंपण ओलांडून जाऊन विचारून आली.

‘मग काय म्हणाली?’

‘रागावली. खूप रागावली, ताई. म्हणाली, मला नको असलं मत. तू माझ्यासाठी मत टाकलंस तर उद्यापासून मी तुझी मुलगी उपकार फेडायला सांभाळीन. आज मी ती मला आवडते म्हणून सांभाळते. तेवढं माझ्याकडे राहू दे.’ बहिणीने नाक पुसलं. ‘आणि मग म्हणाली, उद्या सकाळी निवांत जा. पोरीला मी बघते.’

‘मग आता?’

‘आता निघालेय. ती आत भरवतेय तिला.’

त्या दुपारी मला भाषांतराचं एक वाक्यही धड जमलं नाही. बाईचं म्हणणं मला पटत होतं, आणि राग येत होता की पटतंय. एवढा स्वाभिमान कशाला, असंही वाटत होतं. इथे घर जायची वेळ आलीय, आणि ही उपकाराचा हिशेब करतेय. मी असते तर घेतलं असतं मत, असं मी मनाशी म्हटलं. मग वाटलं, खरंच घेतलं असतं का?

निकाल आमच्याकडे शुक्रवारी, ऐन दुपारच्या जेवणाच्या वेळी लागला. ब्रिटन बाहेर पडणार. सासूबाईंचा सकाळचा कार्यक्रम त्या दिवशी दुपारपर्यंत लांबला होता, त्यातल्या फलकावरची शेवटची पट्टी सोलली गेली. नवऱ्याचा कधी नव्हे तो कचेरीतून संदेश आला की येन कुठल्या कुठे गेलाय, सगळे उभे राहून पडद्याकडे बघताहेत. मी बहिणीच्या फोनची वाट बघत बसले.

‘मी राहा म्हटलं होतं,’ ती फोनवर आल्या आल्या म्हणाली. ‘त्यांना नाही सांगितलं.’ त्यांना म्हणजे नवऱ्याला. ‘शाळेत गेले, दोरीला बांधलेली पेन्सिल होती, आणि हातात घेतल्यावर काही गोंधळच राहिला नाही गं. इतके दिवस उगीच.’

‘आणि बाब्चा?’

‘नेहमीच्या वेळेला आली. बूट बाहेर काढले, पोरीची वाटी घासली. एक शब्द नाही विचारला. आणि मी तिला सांगू शकत नाही, ताई! सांगितलं तर तिला नको असलेला उपकार मी तिच्या गळ्यात मारला असं होईल. नाही सांगितलं, तर आमच्या घरातून काय मत गेलं असेल असं तिला वाटत असेल? ह्यांचा आवाज तिने कुंपणावरून ऐकलाय की.’

मी म्हटलं, ‘थांब थोडे दिवस.’ दुसरं काय म्हणणार. मला कुठे काय कळत होतं.

ती थांबली. बाब्चा येत राहिली, वरणभात होत राहिला. पण बहीण सांगायची की काहीतरी बदललंय. बाब्चा आता काम झालं की लगेच घरी जाते. चहाला बस म्हटलं तर झाडांना पाणी घालायचंय म्हणते. एकदा बोलता बोलता म्हणाली की पोलंडमध्ये तिच्या भावाच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. भाचीने विचारलं, ‘वर कोण राहणार?’ तर म्हणाली, ‘बघू.’ ती बाई गेली असती तर माझ्या बहिणीचं घर उभं कसं राहिलं असतं, मला कल्पना करवत नव्हती.

याच सुमाराला आमच्याकडेही निवडणूक आली. गल्लीच्या तोंडाशी उमेदवारांच्या चित्रांचा लाकडी फळा उभा राहिला. गाड्या फिरायला लागल्या. इथे वाद नसतो. पांढरे हातमोजे घातलेली माणसं गाडीतून हात हलवतात आणि कर्ण्यावरून फक्त स्वतःचं नाव सांगतात, पुन्हा पुन्हा, आणि कृपा करा म्हणतात. मतदाराला इथे खूण करायची नसते, ते नाव मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, ‘बघ, कोणी कोणाला काही वाईट बोलत नाही.’ मला मात्र आता हेही कळेनासं झालं होतं. भांडून काही कळत नाही, न भांडता तरी काय कळतं?

मतदानाच्या रविवारी नवरा सकाळीच जाऊन आला. सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या दुपारी उशिरा निघाल्या, आणि आधाराला मी आणि मुलगी सोबत गेलो. त्या वर्षीपासून मतदाराबरोबर मुलांना आत जाऊ देत होते. म्हणजे मुलगी आत जाऊ शकत होती, मी नाही. शाळेच्या व्यायामशाळेच्या दाराशी मी थांबले.

सासूबाईही थांबल्या. पिशवी माझ्याकडे दिली, चष्मा पुसला. आणि मग, जणू भाजी कुठली आणू असं विचारावं तसं विचारलं, ‘कोणाचं नाव लिहू?’

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. ‘तुम्हाला हवं ते लिहा ना, ओकासान.’

‘माझं मी पुष्कळ वर्षं लिहिलं. तू सांग.’

मागे रांग नव्हती, पण दाराशी बसलेले गृहस्थ आमच्याकडे बघत होते. माझे कान तापले. नको म्हणायचं होतं. बाब्चाचे शब्द अगदी ओठांवर आले होते, जपानीत कसे म्हणायचे तेही मी त्या क्षणात जुळवलं. आणि मला नको म्हणवेना. मला ते मत हवं होतं. इतकं हवं होतं की माझंच मला आश्चर्य वाटलं. पण सांगू काय? महिनाभर मी ब्रिटनच्या मासेमारीचा अभ्यास केला होता आणि माझ्या गल्लीच्या तोंडाशी लागलेला फळा एकदाही धड वाचला नव्हता. त्यातली एकच बाई मला आठवत होती. ती सकाळी स्टेशनबाहेर कर्ण्याशिवाय उभी राहून, जो कोणी थांबेल त्याच्याशी बोलत असे. मी थांबले होते, दोनच मिनिटं. माझ्या डोळ्यांकडे बघून बोलली होती, मला मत आहे की नाही हे न विचारता.

मी तिचं नाव सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि नातीचा हात धरून आत गेल्या.

त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी पिशवीचे बंद गुंडाळत उभी राहिले. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘चला. वड्या घेऊन जाऊ.’ लिहिलं की नाही ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं ‘जेवलात का’ आणि ‘थंडी आहे’ यापलीकडे फारसं काही बोलले नव्हते, त्यांना असं कसं विचारायचं?

सासूबाई दुकानात वड्या निवडत होत्या तेव्हा मुलगी माझ्याजवळ आली आणि जपानीत कुजबुजली, ‘आजीला ते नाव येतच नव्हतं. भिंतीवर लावलेल्या नावांत किती वेळ शोधत होती. मग सापडलं. मग एकेक अक्षर बघून बघून लिहिलं, माझ्यासारखं.’

सासूबाई ज्याला मत देतात त्याचं नाव त्यांना डोळे मिटूनही लिहिता येतं. ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिथेच, रताळ्यांच्या फडताळासमोर, पाठ वळवून उभी राहिले. मला आनंद झाला होता, आणि ओशाळल्यासारखंही झालं होतं, आणि त्या क्षणी सासूबाईंनी मागितलं असतं ते मी दिलं असतं. म्हणजे बाब्चा म्हणाली होती ते खरंच होतं, उपकार गळ्यात पडतोच. पण तो पडल्यावर जे वाटतं ते तिला माहीत नव्हतं. मला ते आता माहीत होतं.

घरी येऊन मी बहिणीला फोन लावला. तिकडे नुकती सकाळ झाली होती, ती रात्रीच्या कपड्यांतच होती.

‘सांग तिला,’ मी म्हटलं.

‘काय? कोणाला?’

‘बाब्चाला. तू काय मत दिलंस ते सांग.’

‘अगं पण ती म्हणाली होती...’

‘म्हणू दे. ती कुठे आहे आता?’

बहिणीने खिडकीतून पाहिलं. ‘मागे. पाणी घालतेय.’

‘मग जा.’

फोन तिच्या हातातच राहिला. मला आधी दार दिसलं, मग आकाशाचा तुकडा, मग पडदा उलटा झाला आणि नुसतं हिरवं गवत आणि बहिणीच्या सपाता. त्या भराभर चालत होत्या. मग मातीचे गमबूट आले. बहीण काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही, ती फार हळू बोलली. बाब्चाचा आवाज मात्र स्वच्छ आला. ती बहिणीला रागावत होती. ‘मी तुला सांगितलं होतं,’ ती तिच्या जाड इंग्रजीत म्हणत होती, ‘मी तुला सांगितलं होतं ना,’ आणि ते म्हणता म्हणता तिच्या हातातली पाण्याची नळी गवतावर पडली, आणि गमबूट पुढे झाले, इतके की सपाता दिसेनाशा झाल्या.

‘काय म्हणतेय ती?’ सासूबाईंनी मागून विचारलं. वड्यांची बशी घेऊन त्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं.

‘रागावतेय,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या, आणि या वेळी आवाज कमी कर म्हणाल्या नाहीत.